मोठ्या पक्षाचं पाठबळ नसताना पुरोगामी विचारांच्या उमेदवाराने महापालिकेची निवडणूक कशी लढवावी?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यात राहता, पुढची महापालिका लढवायची इच्छा आहे, विचार पुरोगामी आहेत, मागे मोठा पक्ष नाही. आणि ओळखीतले सगळे एकच सल्ला देतायत की विचारबिचार घरी ठेव, रस्ता-गटार-पाणी एवढंच बोल. हे ऐकावं का?

माझं मत, ऐकू नका. रस्ता-गटार-पाण्यावर जरूर बोला, किंबहुना त्यावरच बोला. पण विचार घरी ठेवून त्यावर काही धड बोलता येत नाही, हे मी जवळून पाहिलंय. २०१७ साली मी पुण्यात एका छोट्या पक्षाच्या पॅनेलमधून ‘ब’ जागेवर (पुण्यात एका प्रभागात अनेक जागा असतात, त्यातली एक) लढले आणि पडले. या जानेवारीत एका मैत्रिणीच्या प्रचाराचं काम सांभाळलं. लिहितेय ते त्यातून.

आधी पाण्याचं सांगते. आमच्या प्रभागात एका बाजूला जुन्या सोसायट्या आहेत, दुसऱ्या बाजूला टेकडीच्या उतारावर वस्ती. वस्तीत पाणी यायचं पहाटे, तेही जेमतेम तासभर. सगळ्यात वरच्या गल्लीतल्या बायका तीनला उठून हंडे लावायच्या आणि सातला धुण्याभांड्यांच्या कामावर निघायच्या. निवडणुकीच्या कितीतरी आधी आम्ही दोघीतिघी पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याबरोबर फिरायला लागलो. हा माणूस ठेकेदाराकडचा. खांद्यावर लोखंडी टी-चावी घेऊन चेंबर उघडत हिंडायचा. सोसायट्यांकडच्या व्हॉल्व्हला तो चावी फिरवतच राहायचा, वस्तीकडच्या व्हॉल्व्हला मोजून काही आटे देऊन थांबायचा. असं का, विचारलं तर म्हणाला, “तिकडून लगेच फोन जातात ताई. इकडून कोण फोन करणार?”

त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. आम्ही गल्लीगल्लीत पाणी आल्याची आणि गेल्याची वेळ लिहायला सुरुवात केली. बायकांनीच लिहिली, पोरांच्या वह्यांमध्ये. तो तक्ता घेऊन क्षेत्रीय कार्यालयात गेलो, मग पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याकडे गेलो, परत परत गेलो. शेवटी वरच्या गल्लीची वेळ सकाळी सहाची झाली. आणि हाच तक्ता आम्ही सोसायटीच्या बैठकीतही दाखवला. तिथे सांगितलं की वस्तीला जास्त वेळ पाणी दिलं तर तुमच्याकडचा दाब थोडा कमी होईल, आणि तो व्हावा असं आमचं म्हणणं आहे. काही जण उठून गेले. काहींनी मात्र नंतर आम्हाला घरी बोलावलं. पाणी कुणाला किती, यात तुमचा विचार येतोच. तो लपवायचा म्हटलं तर सोसायटीत एक आणि वस्तीत दुसरंच बोलावं लागतं, आणि वस्तीतली बाई सोसायटीत कामाला जाते, त्यामुळे दोन्हीकडचं बोलणं संध्याकाळपर्यंत दोन्हीकडे पोचलेलं असतं.

मृणाल गोरे १९६१ मध्ये गोरेगावातून मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणत. आपण समाजवादी आहोत हे त्यांनी कुणापासून लपवलं नव्हतं, आणि मतं देणाऱ्यांपैकी कितीतरी जणींना समाजवादाशी काही देणंघेणं नसेल. त्यांना नळ हवा होता, आणि आपल्याआधी दुसऱ्या कुणाला नळ देऊन ही बाई गप्प बसणार नाही एवढी खात्री हवी होती.

आणखी मागे जायचं तर खुद्द पुण्यातलंच उदाहरण आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चायचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा म्हणून त्यांनी एकट्याने विरोध केला. आज महापालिकेचं अंदाजपत्रक साडेबारा हजार कोटींच्या पुढे गेलंय. त्यात नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची ‘स’ यादी असते. तुमच्या प्रभागाची मागच्या सभागृहातली ‘स’ यादी मिळवा आणि नीट वाचा. बाकडी किती, नामफलक किती, कमानी किती, आणि सार्वजनिक शौचालयाच्या दुरुस्तीला किती? माझ्या मते पुरोगामी उमेदवाराचा जाहीरनामा या यादीच्या समासात लिहिला गेला पाहिजे. हे काढा, त्याऐवजी हे घाला, आकड्यांसकट.

आता लढतीचं गणित, कारण पुष्कळ चांगली माणसं इथेच गारद होतात.

मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडून जातो, २२७ प्रभाग आणि २२७ जागा. पुण्यात तसं नाही. १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत पुण्यात ४१ प्रभाग होते आणि १६५ जागा. चाळीस प्रभागांत चार-चार, एकात पाच. एका प्रभागात सरासरी ८० हजारांच्या वर मतदार. मतदाराला अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळं बटण दाबावं लागतं, नाहीतर त्या जागेचा ‘नोटा’ दाबावा लागतो. मोठ्या पक्षाचा कार्यकर्ता दारात येऊन एवढंच सांगतो, “चारही बटणं आपल्याच चिन्हाची.” तुम्हाला मात्र सांगावं लागतं की बाकी कुणालाही द्या, ‘ब’ मध्ये अमुक चिन्ह बघा. तुमच्यासारख्याच चार अपक्षांचं पॅनेल केलंत तर चौघांना चार वेगळी चिन्हं मिळू शकतात. आणि वेळ किती? यंदा चिन्हवाटप ३ जानेवारीला झालं आणि मतदान १५ ला. एवढ्या दिवसांत ऐंशी हजार लोकांच्या डोक्यात नवं चिन्ह बसवणं फार अवघड आहे. लोकांना तुमचं नाव आणि काम आधीपासून माहीत असेल तरच ते यंत्रावर तुमचं चिन्ह शोधतात.

म्हणून अपक्ष लढण्यापेक्षा नोंदणी झालेल्या एखाद्या छोट्या पक्षाबरोबर किंवा एखाद्या आघाडीत जा, असं मी म्हणेन. जिथे ठरावीक चिन्ह मिळण्याची शक्यता असेल तिथे. मोठ्या पक्षात जाऊन आतून बदल घडवू असं म्हणणारेही मला भेटतात. काहींना ते जमलंही असेल. पण एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, शेवटच्या रात्रीपर्यंत कुणाच्या हातात पडेल याचा भरवसा नसतो आणि तोपर्यंत तुम्ही चार-पाच वर्षं सतरंज्या उचललेल्या असतात. मला स्वतःला ते पटत नाही.

आरक्षणाचाही विचार करा. निम्म्या जागा महिलांना, शिवाय अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गाच्या जागा. सोडत निघेपर्यंत कुठली जागा कुणाची हे कळत नाही, आणि प्रभागरचनाही बदलते. त्यामुळे “मी उभी राहणार” अशी तयारी करू नका. वेगवेगळ्या समाजातल्या सहा-सात जणांचा गट तयार करा. सोडतीनंतर ज्याच्या वाट्याला जागा येईल त्याच्या मागे बाकीच्यांनी राहायचं. हे आधी स्पष्ट बोलून घेतलं नाही तर सोडतीच्या संध्याकाळीच गट फुटतो. राखीव जागेवर लढणाऱ्याचं जात वैधता प्रमाणपत्र आत्तापासून काढायला घ्या, त्याला वेळ लागतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: वय किमान २१, नाव शहरातल्या मतदार यादीत हवं. सूचक आणि अनुमोदक त्या प्रभागातले लागतात. मिळकतकराची थकबाकी नको, महापालिकेचा ठेका नको, शौचालय वापराचा दाखला, मालमत्ता आणि गुन्ह्यांचं शपथपत्र, निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं. सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या मुलांमुळे अपत्यांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर उमेदवारी बाद होते. निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब दिला नाही तर पुढे अपात्र ठरवलं जाऊ शकतं, आणि पडलेले उमेदवार हे हमखास विसरतात.

पैसा. पुण्यात यंदा खर्चाची मर्यादा उमेदवाराला १५ लाख होती. कागदोपत्रीचा खर्च आणि प्रत्यक्षातला खर्च यात किती अंतर असतं ते कुठल्याही कार्यकर्त्याला विचारा. शेवटच्या दोन रात्री वस्त्यांमध्ये ‘लक्ष्मीदर्शन’ होतं, आणि हल्ली सोसायट्यांमध्येही होतं. तिथे ते रंगकामाच्या, सोलरच्या, सीसीटीव्हीच्या नावाने होतं, एवढाच फरक. वस्तीतल्या मतदाराला विकाऊ म्हणणं कृपया टाळा. ज्याला पाच वर्षांत महापालिकेकडून काहीच मिळालं नाही तो त्या रात्री जे मिळतं ते घेतो. पुष्कळ जण पैसे घेऊनही आपल्या मनाने मत देतात, असं मला वस्तीतल्याच बायकांनी सांगितलंय. आम्ही वर्गणी काढून लढलो आणि जमाखर्चाचा कागद दर आठवड्याला प्रभागातल्या फलकावर लावला. मोठ्या पक्षाचा उमेदवार हे करूच शकत नाही. तुम्ही करू शकता, तर करा.

आता तुम्हाला ज्याची खरी धास्ती वाटत असेल त्याकडे येते. “तुम्ही ते अंधश्रद्धावाले ना? म्हणजे गणपतीच्या विरोधात?” हा प्रश्न येणारच. कधी कुतूहलाने, कधी दुसऱ्या कुणी पढवून पाठवलेला. आमच्या उमेदवार मैत्रिणीला तो एका मंडळाच्या ओट्यावर, बऱ्याच माणसांसमोर विचारला गेला. ती म्हणाली, “मी देवाला मानत नाही, माझी आई मानते, आमच्या घरी गणपती बसतो आणि मोदक मीच करते. तुमच्या मंडळाला माझा विरोध नाही. मागच्या गल्लीत दोन आजारी म्हातारी माणसं आहेत, त्यांच्या खिडकीसमोर रात्री भिंत लावू नका, एवढं मी आत्ताही सांगणार आणि निवडून आल्यावरही सांगणार.” भिंत म्हणजे स्पीकरची. त्या मंडळाची किती मतं पडली ठाऊक नाही, पण नंतर तिथल्या पोरांनी आमची पत्रकं फाडली नाहीत, उलट दोघं बूथवर बसायला आले. खोटं बोलून आरतीचं ताट हातात घेतलं असतं तर फोटो निघाला असता आणि दोन्ही बाजूंनी तिची किंमत गेली असती.

यंदा मतदान संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी होतं. हळदीकुंकवाचे कार्यक्रम आणि वाणाच्या नावाखाली भेटवस्तू, सगळीकडे तेच चाललं होतं. आम्ही वाण वाटलं नाही. पण बायकांच्या बैठका घेतल्या आणि त्यात विधवांना मुद्दाम पुढे बसवलं, तिळगूळ त्यांच्या हाताने द्यायला लावला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता, आणि सरकारने पुढे तो इतर गावांपुढे ठेवला. एक ग्रामपंचायत हे करू शकते, हे बायकांना सांगितलं की त्यांना लगेच समजतं. तिथे कुणीही ‘पुरोगामी म्हणजे काय’ विचारलं नाही.

खरी कसोटी लागते ती फेरीवाल्यांच्या प्रश्नावर. सोसायटीला पदपथ मोकळा हवा असतो, भाजीवालीला जागा हवी असते, आणि दोघंही तुमचेच मतदार. इथे बहुतेक उमेदवार पळ काढतात. तुम्ही २०१४ चा पथविक्रेता कायदा वाचून जा. शहर फेरीवाला समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात, विक्रेत्यांचं सर्वेक्षण करावं लागतं, विक्रीची जागा ठरवून द्यावी लागते. सोसायटीला विचारा की भाजी कुठून घेता? उत्तर बहुतेक वेळा त्याच पदपथावरून असं येतं. मग गाड्या कुठे लागाव्यात, चालायला किती जागा सुटावी, यावर बोलणं सुरू होतं. हे एका सभेत सुटत नाही, पण दोन्ही बाजूंना एका खोलीत बसवणारा उमेदवार लोकांच्या लक्षात राहतो.

पुढची निवडणूक पाच वर्षांवर असल्याने तुम्ही अगदी योग्य वेळी विचारताय. (पाच वर्षं हेही कायद्याने. मागच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं प्रशासकाचा कारभार होता.) प्रभागाची मतदार यादी डाऊनलोड करून केंद्रनिहाय वाचायला घ्या. मयत, दुबार, शेजारच्या प्रभागात गेलेली नावं गल्लीतल्या माणसांना बरोबर घेऊन तपासा. प्रारूप यादी येते तेव्हा हरकतींसाठी फार थोडे दिवस मिळतात, आणि ज्याच्याकडे आधीच काम झालेलं असतं त्याच्याच हरकती टिकतात. शंभरेक मतदान केंद्रांवर दिवसभर बसणारी माणसं लागतील. ती पगारी मिळतात, पण यादी तपासताना बरोबर फिरलेली माणसं वेगळीच असतात.

आणि पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते. क्षेत्रीय कार्यालयात त्याचे अर्ज असतात, एका कामाला पाच लाखांपर्यंत सुचवता येतं. यंदा तुमच्या वस्तीतल्या बायकांना घेऊन जा आणि शौचालयाच्या दारांचे, दिव्यांचे, पाण्याच्या जोडाचे अर्ज त्यांच्याच नावाने भरा. पोच घ्यायला विसरू नका. पुढच्या वर्षी अंदाजपत्रकाचं पुस्तक आलं की त्यातली किती कामं धरली ते त्यांच्यासोबत बसून शोधा. प्रभाग कुठला ते कळवलंत तर तिथे आधीपासून काम करणाऱ्या माणसांशी गाठ घालून देईन.