फक्त दात सापडलेत तर मेगॅलोडॉन (नामशेष झालेला महाकाय शार्क) कसा दिसायचा हे कसं सांगतात? मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी कोणतं चित्र काढायचं?

नेटवर जे चित्र सगळीकडे फिरतंय ना, ते खरं तर ग्रेट व्हाइट शार्कच आहे, नुसता झूम केलेला. तो कॉपी करू नका.

शार्कला हाडं नसतात, कूर्चा असते, मेल्यावर ती सडून जाते, मग उरतात दात आणि नशीब असेल तर थोडे मणके. आमच्या बडोद्यात कमाटीबागेच्या म्युझियममध्ये निळ्या व्हेलचा सांगाडा आहे, त्याच्यासमोर उभं राहिलं की डोकं केवढं, फासळ्या कुठं सगळं समजतं (मुलाला दाखवा एकदा), पण मेगॅलोडॉनचा असा पूर्ण सांगाडा जगात कुठंच मिळालेला नाही. म्युझियममध्ये लटकवलेले जबडे असतात त्यात दात खरे, बाकी सगळं माणसांनी बनवलेलं. 1909 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये असाच एक जबडा उभा केला होता, इतका अवाढव्य की लोक 30 मीटरच्या शार्कच्या गोष्टी करायला लागले, नंतर कळलं की तो प्रमाणाबाहेर मोठा झालेला.

मग शरीर कुठून आणतात? जिवंत नातेवाईक पकडायचा आणि त्याच्या प्रमाणात मोठं करायचं. 19व्या शतकात लुई अगासी या शास्त्रज्ञानं त्रिकोणी, करवतीसारख्या धारेचे दात बघून याला ग्रेट व्हाइटच्या घरात बसवलं, तेव्हापासून चित्रकार तेच काढतायत. आता बहुतेक शास्त्रज्ञ त्याला ओटोडस म्हणतात, कुटुंबच वेगळं धरतात.

खरी मजा बेल्जियमच्या मणक्यांची आहे. तिथं 1860 च्या दशकात एकाच प्राण्याचे दीडशेच्या आसपास मणके मिळाले, सगळ्यात मोठा साधारण साडेपंधरा सेंटिमीटर रुंद. ग्रेट व्हाइटच्या हिशोबानं एवढ्या मणक्याचा शार्क 9.2 मीटरचा यायला पाहिजे, पण ते मणके नुसते ओळीनं लावले तरच 11.1 मीटर होतात, डोकं आणि शेपटीचं टोक अजून धरलेलंच नाही! म्हणजे अख्ख्या शार्कपेक्षा त्याचा कणाच लांब, आता बोला. 2022 मध्ये याच मणक्यांवरून एक थ्रीडी मॉडेल बनलं होतं, 16 मीटर आणि 61 टनाचं, बऱ्यापैकी जाडजूड, पण 2024 मध्ये दुसऱ्या टीमनं हाच लांबीचा मुद्दा काढून सांगितलं की प्राणी सडपातळ असणार, आणि 2025 च्या पेपरमध्ये लेमन शार्कसारखी सडपातळ अंगकाठी सुचवलीये, डेन्मार्कचा 23 सेंटिमीटरचा मणका धरून जास्तीत जास्त लांबी 24 मीटरच्या वर. मला स्वतःला हे जास्त पटतं, कारण इथं निदान कणा त्याचा स्वतःचा आहे, उसना नाही.

तर मुलाला लांबट, सडसडीत काढू दे, नाक ग्रेट व्हाइटसारखं टोकदार नको. पंखांचे आणि कातडीच्या रंगाचे काही जीवाश्म नाहीत, त्यामुळे वरून गडद, पोट फिकट दिलं तरी चालेल, मोकळ्या समुद्रातले बरेच शार्क तसेच असतात. आणि बाजूला एक दात खऱ्या मापात काढायला सांगा, मोठे दात 17-18 सेंटिमीटरपर्यंत मिळालेत, वहीच्या पानावर आरामात मावेल.