वॉशिंग मशीनचा ड्रेन पंप खरंच गेलाय हे कसं ओळखायचं? तो घरी बदलता येतो का?

तुमचं फ्रंट लोड मशीन सात वर्षं जुनं आहे, धुणं होतं पण पाणी ड्रममध्येच राहतं, स्क्रीनवर 'ओई' येतं, आणि मेकॅनिकने फोनवरच "पंप गेला, २,८०० होतील" असं सांगून टाकलंय. तो खरं बोलतोय का आणि पंप आपला आपण बदलता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

बदलता येतो. पण मशीन न बघता ज्याला पंप गेल्याचं कळतं, त्याच्याकडे एकतर दिव्यदृष्टी असणार किंवा दुकानात पंप पडून असणार. 'ओई'चा अर्थ एवढाच, की ठरलेल्या वेळात पाणी बाहेर गेलं नाही. सॅमसंगवर त्याच दुखण्याला '५ई' किंवा '५सी' येतं, बॉशवर 'ई१८'. पाणी का गेलं नाही, हे मशीनलाही माहीत नसतं.

मी मेकॅनिक नाही. शाळेत विज्ञान शिकवायचो, घरात मल्टिमीटर आहे, आणि हे काम आतापर्यंत तीनदा केलंय, दोनदा आमच्याकडे आणि एकदा बहिणीकडे. तिन्ही वेळा पाणी तुंबलेलं, पण कारणं तीन तऱ्हांची. पंप त्यात एकदाच दोषी निघाला.

मशीनला हात लावण्याआधी मागचा पाईप बघा. साफसफाई करताना मशीन भिंतीकडे ढकललं जातं आणि पाईप चेपतो. पाईप नहाणीच्या जाळीत खोचलेला असेल तर खालचा ट्रॅप तुंबलाय का, तेही बघा. बादलीभर पाणी ओतलं की कळतं. मग पाईपचं तोंड काढून जमिनीवर परातीत धरा. पाणी आपसूक वाहायला लागलं तर वाट मोकळी आहे, अडचण पंपाकडे आहे. नाही वाहिलं तर लगेच काही ठरवू नका. बऱ्याच मशिनांत पाईप आतूनच उंच नेलेला असतो.

आता कान लावा. तुम्ही सगळं लिहिलंत, पण आवाज कसा येतो ते लिहिलं नाहीत, आणि निम्मं निदान तिथेच आहे. नुसतं स्पिन लावा. सुरुवातीला मशीन पाणी काढायला बघतं, तेव्हा खाली पुढच्या बाजूला कान द्या.

आमच्याकडे पहिल्या वेळी 'घुर्रर्र' असा दबका आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. म्हणजे पंपाला वीज मिळतेय, त्याला फिरायचंय, पण काहीतरी अडकलंय. प्लग काढला (नुसतं बटण बंद करून भागत नाही), गरम पाण्याचा प्रोग्रॅम होता म्हणून तासभर थांबलो, आणि खालच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडलं. तिथे फिल्टरचं गोल बूच असतं आणि बहुतेक मशिनांत शेजारी बोटाएवढी रबरी नळी. आधी त्या नळीतून पाणी काढा. थेट फिल्टर फिरवलात तर दहा-पंधरा लिटर पाणी एकदम पायावर येतं, आणि त्या पाण्याला जो वास असतो तो दोन दिवस घरातून जात नाही. आमची परात सहा वेळा भरली.

फिल्टरबरोबर काळं पडलेलं एक रुपयाचं नाणं, दोन हेअरपिना आणि केसांचा गुंता आला. खरा चोर आत होता. फिल्टरच्या भोकात बॅटरी मारली की तळाशी पंपाचा छोटा प्लास्टिकचा पंखा दिसतो. त्याच्या पात्यांमध्ये सुपारी बसली होती, सत्यनारायणाची, कुणाच्यातरी झब्ब्याच्या खिशातून आलेली. भिजून फुगलेली. चिमट्याने निघेना, शेवटी स्क्रू ड्रायव्हरने दोन तुकडे केले. खर्च शून्य.

तो पंखा पेन्सिलीने फिरवून बघा. इथे भलेभले फसतात. तो सरसर फिरत नाही, अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो. "जाम झालाय" म्हणून लोक नवा पंप आणतात, पण चांगला पंप असाच फिरतो. आत रोटर (मोटरचा फिरणारा भाग) म्हणजे नुसतं चुंबक असतं, त्याला ना वायर ना ब्रश, आणि ते बाहेरच्या कॉइलच्या (तारेच्या वेटोळ्याच्या) लोखंडाला धरून ठेवतं. तो धक्का त्या पकडीचा. शिवाय पंखा आणि चुंबक यांच्यात मुद्दाम थोडी ढिलाई ठेवलेली असते, म्हणजे चुंबकाला सुरुवातीला पाण्याचं ओझं न घेता गती पकडता येते. अशी मोटर सुरू होताना कधी डावीकडे फिरते, कधी उजवीकडे. म्हणून पाती सरळ असतात, वळवलेली नसतात. कुणी "तुमचा पंप उलटा फिरतोय" म्हणालं, तर चहा पाजून त्याला वाटेला लावा.

काहीच अडथळा न लागता पंखा गुळगुळीत गरगरत असेल, तर मात्र तो दांड्यावरून सुटलाय. तसा पंप छान आवाज करतो आणि पाणी हलत नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे चिडीचूप. बहिणीचं घर तळमजल्यावर, मशीन मागच्या गॅलरीत. पाणी सोडायची वेळ आली तरी हूं की चूं नाही. मशीन आडवं करून खालून बघितलं तर पंपाला जाणाऱ्या दोन वायरींपैकी एक उंदराने साफ कुरतडलेली, आणि शेजारी लेंड्या. बऱ्याच मशिनांचा तळ उघडाच असतो, उंदराला याहून चांगला बंगला कुठे मिळणार? वायर जोडून, टेप लावून, तळाला जाळी ठोकली.

वायरी शाबूत असतील तर प्लग काढलेलाच ठेवून पंपाचा कनेक्टर सोडवा आणि दोन पिनांवर मल्टिमीटर लावा. २२०-२४० व्होल्टच्या पंपाची कॉइल साधारण १०० ते २०० ओहम दाखवते. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलीय. पण पंप नुकताच चालून तापला असेल तर अर्धा तास थांबून पुन्हा मोजा. काही पंपांत तापल्यावर सर्किट तोडणारा स्विच आतच असतो, आणि थंड झाल्यावर तो आपोआप जुळतो. कॉइल चांगली, वायरी चांगल्या, पंखा मोकळा, तरीही पंप मुका, तर संशय कंट्रोल बोर्डावर. तिथे मी थांबतो, तुम्हीही थांबा. काही जण पंप थेट मेनला जोडून 'डायरेक्ट' चालवून बघतात, तेही ओल्या फरशीवर. मी ते करत नाही.

मीटरने बरोबर आकडा दाखवला म्हणजे पंप ठणठणीत, असंही नाही. आमच्याकडे तिसऱ्या वेळी कॉइल १५०च्या आसपास, एकदम शहाणी. पण आवाज खडखड आणि पाणी पाईपातून लहान मुलाच्या शूसारखं. पंप काढून हातात घेतला तर पंखा बाजूला डुगडुगत होता, दांड्याचं बेअरिंग झिजलेलं. आमच्याकडे उन्हाळाभर टँकरचं बोअरचं पाणी; पंख्यावर आणि दांड्याभोवती क्षारांचा पांढरा थर होता, नखाने निघत नव्हता.

तो पंप बदलला. आधी जुना काढा, मगच नवा आणायला जा. नुसतं मशीनचं नाव सांगून आणलेला पंप बसेलच असं नाही. लेबलवर व्होल्टेज, ५० हर्ट्झ आणि वॅट (सहसा ३०च्या आसपास) लिहिलेले असतात, ते जुळवा. शिवाय स्क्रूची भोकं किती, की मोटर फिरवून लॉक होते, आणि कनेक्टर कुठल्या बाजूला, तेही बघा. हे पंप बहुधा मशीनची कंपनी बनवतच नाही. लेबलवर आस्कॉल, हान्यू अशी भलतीच नावं दिसतील, घाबरू नका. मी जुना पंप पिशवीत घालून पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास फिरलो, तिसऱ्या दुकानात साडेसातशेला जोड मिळाला.

बसवायला तासभर लागतो, त्यात अर्धा वेळ मशीन आडवं करण्यात. नळ बंद, प्लग बाहेर, पाणी पूर्ण काढलेलं, साबणाचा कप्पा बाहेर, आणि मदतीला एक माणूस. खाली जुनी गोधडी टाका. मशीनमध्ये सिमेंटचं वजन असतं, एकट्याने करायला जाल तर पाठ धराल. खालून पोहोचता येत नसेल अशा मॉडेलला पुढची पट्टी उघडावी लागते. काही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. बऱ्याचदा फिल्टरच्या घरट्याला हात न लावता मागची मोटर तेवढी निघते, तीन स्क्रूंवर; मग नळ्या सोडायचीही गरज नाही. अख्खं युनिट काढायचं असेल तर नळ्यांवरच्या स्प्रिंगच्या रिंगा पकडीने दाबून मागे सरकवा. पंपाच्या तोंडाशी रबरी रिंग असते, तिची बैठक कापडाने पुसून घ्या. तिथे वाळूचा एक कण राहिला तरी थेंब थेंब गळतं.

मशीन उभं केल्यावर लगेच भिंतीला लावू नका. ड्रममध्ये दोन-तीन तांबे पाणी ओता, खाली वर्तमानपत्र पसरा आणि नुसतं स्पिन लावा. माझ्या कागदावर एक ओला डाग आला होता. पंप नवा होता, रिंग नीट होती, फिल्टरचं बूच मीच अर्धा फेरा कमी फिरवलं होतं.

वॉरंटी चालू असेल तर यातलं काहीही उघडू नका, फिल्टर सोडून. आणि हे सगळं फ्रंट लोडचं झालं. टॉप लोडवाल्यांनी पंप शोधत बसू नये. आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोडमध्ये पंप नसतोच, छोटी ड्रेन मोटर व्हॉल्व्ह ओढून उघडते आणि पाणी उताराने जातं. तिथे पाईप जमिनीलगतच हवा, वर टांगला की 'मशीन बिघडलं'.

तुमच्या मशीनचा आवाज घुर्र आहे, खडखड आहे की काहीच नाही, तेवढं कळवा. आणि मेकॅनिकला बोलावलंतच, तर जुना पंप ठेवून जायला सांगा.