ताई, आधी स्वतःला दोष देणं थांबवा

तुमच्या मुलाला स्वमग्नता म्हणजे ऑटिझम असल्याचं निदान नुकतंच झालंय, त्यामुळे आत्ता मोजकंच सांगते.

"गरोदरपणात माझंच काही चुकलं का?" हा प्रश्न सोडून द्या. आईच्या कोरडेपणामुळे मूल स्वमग्न होतं, असं एके काळी नावाजलेले तज्ज्ञ सांगत. ते साफ चुकीचं निघालं. लसीला दोष देणारा १९९८चा शोधनिबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. नातेवाईक काहीही म्हणोत, हे तुमच्यामुळे झालेलं नाही.

सुरुवातीच्या चुका बहुतेक घरांत सारख्याच असतात:

- अपराधीपणापोटी दिवसभर थेरपीच थेरपी. मूल थकतं, आईही. त्याला नुसतं खेळू द्या, लोळू द्या.
- "सहा महिन्यांत बरा करतो" म्हणणाऱ्यांना पैसे देणं. ऑटिझम हा आजार नाही, त्यावर असं औषध नाही.
- चुलत भावंडांशी तुलना.

तुलना करायचीच तर त्याच्या कालच्या दिवसाशी करा. तो तुमचा हात धरून पाण्याच्या माठापर्यंत नेतो ना? ते मागणंच आहे, संवाद आहे. त्याचा खुशाल अभिमान बाळगा, सगळ्यांना सांगा! आणि एखाद्या दिवशी वैताग आला, तर त्याने तुमची माया कमी होत नाही.

कागदपत्रांमध्ये सध्या एवढंच: यूडीआयडी कार्डासाठी (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) अर्ज करा, मग 'निरामय' हा सरकारी आरोग्य विमा, एक लाख रुपयांपर्यंत. शाळेचं नंतर बोलू.