भरती पाहून निघा, मग अंतर मोजा : कोकण किनाऱ्यावर धावणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : हाफ मॅरेथॉनची तयारी करतो आहे. आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याचा रस्ता लांब पल्ल्याच्या सरावाला कसा आहे? शहरातल्या सपाट रस्त्यावर १८ किमी सहज होतात. (रत्नागिरीचे वाचक)

उत्तर : रस्ता सुरेख आहे, पण सपाटीवरचे १८ आणि इथले १८ एक नव्हेत. शहरापासून गणपतीपुळे या वाटेने साधारण २५ किमी. रस्ता समुद्राच्या पातळीला उतरतो, लगेच डोंगराच्या अंगावर चढतो, पुन्हा पुळणीशेजारी, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याशेजारी, येतो. १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचा जादा एक किलोमीटर, असा ढोबळ हिशेब धरा आणि पहिल्या खेपेला १३-१४ किमीच ठरवा. चढावर चार शब्द सलग बोलता येईनात की चालायला लागा. घड्याळातल्या वेगाकडे बघू नका. उतारावर ढांगा लांब टाकल्या तर मांडीचा पुढचा स्नायू सतत ब्रेक लावत राहतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पावलं आखूड आणि भरभर पडू द्या.

खरा धोका वाहनांचा. समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून रस्त्याच्या उजव्या कडेने धावतात, ते बरोबरच आहे. पण गणपतीपुळ्याकडे जाताना उजवीकडे डोंगर असतो. रस्ता उजवीकडे वळतो तिथे कापलेल्या दरडीआड तुम्ही चालकाला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. अशा वळणाच्या तीसेक मीटर आधी मागेपुढे पाहून समुद्राच्या बाजूला या आणि वळण सरलं की परत उजवीकडे जा. शनिवार-रविवार आणि संकष्टी-अंगारकीला हा रस्ता सोडून द्यावा. एरवी उजाडता निघा. पहाटे वारा जमिनीकडून, हलका असतो. दहा-अकराच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटतो. वाटेत एवढ्या सकाळी दुकान उघडं मिळेल हे गृहीत धरू नका. एक लिटर पाणी अंगावर असू द्या. एका बाजूने धावून परत येताना एस.टी. घेतलीत तर तीच वाट दुपटीने उपयोगी पडते.

प्रश्न : पुळणीच्या टोकाला खडप (समुद्रात शिरलेले खडक) आहे. त्याला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर धावत जायचं आहे. गावातले लोक म्हणतात, सुकती (ओहोटी) बघून जा. नेमकी वेळ कशी काढायची? (देवगड तालुक्यातून)

उत्तर : गावातले लोक योग्य तेच सांगतात. या सदरात एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ येते. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता भरती; त्याच्या सव्वासहा तास आधी, पावणेनऊच्या सुमारास, ओहोटीचा तळ. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. दक्षिणेला रत्नागिरी-मालवणकडे भरती मुंबईच्या आधी येते. म्हणून जवळच्या बंदराचा छापील तक्ता एकदा पाहा, पाऊणपटीशी ताडून आपल्या गावाचा फरक काढा आणि तो लिहून ठेवा.

यातून सकाळी धावणाऱ्याला एक सोय मिळते. पुनवेच्या आणि अवसेच्या पुढचे तीन-चार दिवस ओहोटी बरोबर सकाळीच असते, शिवाय उधाणाचे दिवस असल्याने पाणी सर्वात लांब ओसरतं. घट्ट, ओली, रुंद वाळू मिळते. अष्टमीच्या आसपास उलट : भांगाचं, म्हणजे कमी चढ-उताराचं, पाणी फार हटत नाही आणि सकाळी भरतीच असते. त्या दिवशी रस्त्यावर धावा.

आता खडपाचं. पाणी एका चालीने चढत नाही. तळापासून भरतीपर्यंतचे सहा तास धरले, तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि एक. फरक २.४ मीटरचा असेल तर पहिल्या तासात २० सेंटीमीटर, तिसऱ्या तासात ६०. पहिला तासभर काहीच बदललेलं दिसत नाही, माणूस निर्धास्त होतो आणि मागची वाट बंद होते. म्हणून तळाच्या दीड तास आधी टोक गाठा, पलीकडे हवं तेवढं धावा आणि तळानंतर अर्ध्या तासात परत टोक ओलांडलेलं असू द्या. परतीला वरून पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) किंवा पायवाट आहे का, हे आधी गावात विचारा. नसेल तर वळसा घालू नका.

निघण्यापूर्वी दहा मिनिटं उभं राहून लाटा बघा. वारा पडलेला, आभाळ स्वच्छ, तरी मोठ्या लाटांची रांग येते असं एप्रिल-मे मध्ये होतं. त्या लाटा दूर दक्षिणेकडच्या महासागरातल्या वादळांतून उठून काही दिवसांनी इथे पोचलेल्या असतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्यांचे इशारे देते. इशारा असेल त्या दिवशी खडप वर्ज्य.

अडकलातच तर पोहून वळसा घालायला जाऊ नका आणि कड्यावरही चढू नका. जांभ्याचा (कोकणातल्या लाल दगडाचा) कडा खालून लाटांनी पोखरलेला असतो, हातातला दगड निखळतो. खडकावर कालवं आणि काळ्या शेवाळाची रेघ दिसते. पाणी एरवी तिथवर पोचतं. त्या रेघेच्या बऱ्याच वर कोरडी जागा धरा, ११२ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. कड्याखाली रेंज नसते, म्हणून परतायची वेळ घरी सांगूनच निघा.

प्रश्न : गुहागरच्या पुळणीवर धावायला लागल्यापासून एकाच गुडघ्याची बाहेरची बाजू दुखते. बूट बदलू का? (गुहागर)

उत्तर : आधी वाट बदला. पुळण समुद्राकडे उतरती असते. एकाच दिशेने धावलं की पाण्याकडचा पाय सतत खालच्या पातळीवर पडतो, कंबर तिरकी होते आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी गुडघ्यापाशी घासते. दुखणारा पाय कोणता ते पाहा. बहुधा तो पाण्याकडचाच निघेल. जेवढं जाल तेवढंच त्याच पट्ट्यावरून परत या. तळाच्या ओहोटीला पाण्यालगतची वाळू सगळ्यांत सपाट मिळते. सुक्या, भुसभुशीत वाळूत धावायला घट्ट जमिनीच्या दीडपटीहून जास्त शक्ती लागते आणि टाच खोल रुतल्याने पोटरी-घोट्याची शीर ताणते. तिथे आठवड्यातून एकदा, दहा मिनिटांवर जाऊ नका. दुखणं दोन आठवड्यांत उतरलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : राजापूरकडच्या सड्यांवर (जांभ्याच्या उघड्या पठारांवर) धावायला कोणते बूट घ्यावे? (पुण्याहून कोकणात जाणारी वाचक)

उत्तर : जांभा खडबडीत आणि टोकदार असतो, मऊ तळव्याचे रस्त्यावरचे बूट त्यावर लवकर फाटतात. ट्रेलचे (खडबडीत पायवाटांवर धावण्याचे), तळाशी तीन-चार मिलिमीटर खाचा आणि मध्ये कडक पत्रीचा थर असलेले घ्या. मात्र पावसाळ्यात कातळावर शेवाळाचा काळा पापुद्रा धरतो. त्यावर कुठलाच रबर टिकत नाही. पाऊस संपून कातळ वाळेपर्यंत थांबा. आल्यावर बूट गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, नाहीतर मिठाने डिंक सुटतो.

सड्यावर सावली नाही आणि कातळ तापतो. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही. ऑक्टोबरात आणि मार्चनंतर सकाळी आठपर्यंत उरकावं. तासाभराच्या वर धावणार असाल तर नुसतं पाणी पुरत नाही. एका लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. शहाळ्यात सोडियम कमी असतं, त्यामुळे ते मिठाच्या जागी चालत नाही. किती प्यायचं हे धावण्याआधी आणि नंतर वजन करून ठरवा. वजन वाढलेलं दिसलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलात, आणि तेही धोक्याचं आहे.

आणखी एक, मनापासून. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, रुंढेतळी इथल्या सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे खडकात कोरलेली प्राचीन चित्रं, आहेत. २०२२ पासून ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. काही रेषा जेमतेम बोटभर खोल आहेत, तिरप्या उन्हाशिवाय दिसतही नाहीत. मळलेल्या पायवाटेवरच धावा, मोकळ्या कातळावरून जवळचा रस्ता काढू नका.

प्रश्न : पहाटे अंधारात पुळणीवर डोक्याला दिवा लावून धावलं तर चालेल का? (आंजर्ले)

उत्तर : नोव्हेंबर ते मे नको. आंजर्ले, वेळास, गावखडी इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पांढऱ्या उजेडाने मादी माघारी फिरते आणि पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे सरकतात. झुंजुमुंजू होईपर्यंत गावातल्या रस्त्यावर धावा, मग वाळूवर उतरा. कासवाची माग दिसली तर ती न तुडवता बाजूने जा आणि गावातल्या कासवमित्रांना किंवा वनखात्याला जागा सांगा.