आत्या होणाऱ्या मुलीला, जुईबद्दल

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

भाचीच्या जन्माची बातमी कळली. बारशाला कानात 'कुर्रर्र' करायचा मान तुझा, आणि नाव तू 'जुई' योजलं आहेस, हे वाचून बरं वाटलं. पण सोबत पाठवलेला नावाचा 'अर्थ' वाचला आणि चष्मा काढून ठेवला. 'पवित्र, सुंदर, सद्गुणी.' अगं, नावांच्या याद्यांत हे तीन शब्द निम्म्याहून अधिक मुलींच्या पुढे छापलेले असतात! फुलाच्या नावाला असलं काही चिकटवायचं कशाला? कुणी विचारलंच, तर त्या शब्दाचं कूळ सांग.

मूळ शब्द 'यूथिका'. यूथ म्हणजे कळप. हत्तींच्या कळपाला संस्कृतात यूथ म्हणतात, त्याच्या म्होरक्याला यूथपती. जुईच्या कळ्या वेलीवर झुबक्याझुबक्यानं येतात, म्हणून ती यूथिका. म्हणजे आपण जिला नाजूक नाजूक म्हणून जपतो, तिच्या नावात हत्तींचा कळप दडलेला आहे. मला तरी हे 'सद्गुणी'पेक्षा कितीतरी आवडतं. जुईचं एकटं फूल कुणाच्या नजरेतही भरत नाही. ओंजळ भरली की मग घरभर कळतं.

आता 'यूथिका'ची 'जुई' कशी झाली ते बघ. प्राकृतात शब्दाच्या आरंभीचा 'य' बहुधा 'ज' होतो. योगीचा जोगी, यंत्राचं जातं, आणि घरातली जाऊ आहे ना, ती मूळची 'यातृ'. दोन स्वरांमधला 'थ' झिजून 'ह' उरतो, जसं कथानिकेचं कहाणी झालं. तशी यूथिकेची 'जूहिआ' झाली. हिंदीनं तो 'ह' सांभाळला, म्हणून त्यांची जूही. आपण तोही सोडून दिला. लिहिताना मात्र 'जु' ऱ्हस्वच काढ, सुई आणि रुईसारखा. दाखल्यावर एकदा दीर्घ पडला की जन्मभर दुरुस्तीचे अर्ज करत बसावं लागतं.

वहिनीला 'यूथिका'च ठेवावंसं वाटतंय, असं तू लिहिलंस. नाव वाईट नाही. कालिदासानं मेघदूतात घेतलंय ते: विदिशेजवळच्या डोंगरावर विसावा घे आणि नदीकाठच्या बागांतल्या यूथिकेच्या कळ्यांवर नव्या पाण्याचे थेंब शिंपडत पुढे जा, असं यक्ष मेघाला सांगतो. जुई पावसात बहरते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरीही माझं मत जुईलाच. संध्याकाळी अंगणातून हाक मारायची झाली तर 'यूथिकाऽ' म्हणेपर्यंत पोर कोपऱ्यापलीकडे गेलेली असेल.

आणखी एक. जाई आणि जुई आपण एका दमात म्हणतो, पण वेली वेगळ्या. जाईचं पान पिसासारखं, एका देठावर पाच-सात पानं. कळीला खालून गुलाबी छटा. जुईच्या मोठ्या पानाच्या तळाशी दोन इवलाली पानं असतात, कानांसारखी. वनस्पतिशास्त्रातलं तिचं नावही त्या कानांवरूनच पडलंय, 'ऑरिक्युलेटम'. जाई म्हणजे संस्कृतातली 'जाती'. अमरकोशात तिची नावं सलग येतात: सुमना, मालती, जाति. म्हणजे आमच्या वर्गात एका बाकावर बसून भांडणाऱ्या सुमन आणि मालती एकाच वेलीच्या होत्या. तेव्हा सुचलं असतं तर त्यांना सांगितलं असतं. दुसरी मुलगी झाली तर लोक तिला आपोआप जाई म्हणतील, त्याची तयारी ठेव.

तमिळमध्ये जुईला मुल्लै म्हणतात. तिकडे पारी नावाच्या राजाची गोष्ट सांगतात. आधाराविना लोंबणारी मुल्लैची वेल पाहून त्यानं आपला रथ तिथेच सोडला आणि पायी निघून गेला. तिथल्या कृषी विद्यापीठानं जुईच्या एका वाणाला 'पारीमुल्लै' असंच नाव दिलंय. पोरगी चार-पाच वर्षांची झाली की ही गोष्ट तिला सांग. रथ कशाला सोडला, एक काठी रोवायची ना, असं तिनं विचारलं तर समज, हुशार निघाली.

राहिली तुझ्या भावाची काळजी, की जर्मनीत हे नाव कुणाला नीट म्हणता येणार नाही. खरंच नाही येणार. तिथे 'जे' या अक्षराचा उच्चार 'य' होतो, तेव्हा बालवाडीतल्या बाई तिला 'युई' म्हणतील. भावाला म्हणावं, म्हणू देत. प्राकृतानं ज केलेला य जर्मन बाई परत आणून देतायत, आणि वहिनीचंही अर्धं मन राहतंय!

बारसं व्हिडिओ कॉलवर आहे म्हणालीस. तेव्हा कानाशी फोन कोण धरणार ते आधी ठरवा, आणि आवाज बारीक ठेवा. बारा दिवसांचं पोर आहे, दचकेल.

तुझ्या
बाई