"बायको करेल अॅडजस्ट"

तू दादा म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करतो. म्युनिकची ऑफर आलीये, ब्लू कार्ड, म्हणजे जास्त शिकलेल्यांना इथे राहून काम करायचा परवाना, तो होईल, पैसे किती आणावेत, घराचं कसं, असं विचारलंयस आणि शेवटी जाता जाता लिहिलंयस की बायको डेंटिस्ट आहे, कोथरूडला स्वतःचं क्लिनिक आहे, पण ती करेल अॅडजस्ट.

पैशाचं पटकन सांगतो. घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं असतं, पगार महिनाअखेरीस येतो, तेव्हा डिपॉझिट अधिक दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेव. घरात शिरल्यावर दोन आठवड्यांत पत्ता रजिस्टर करायचा. बाकी होतं सगळं.

आता ती शेवटची ओळ. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला नोकरीची परवानगी पहिल्या दिवसापासून असते, व्हिसाला जर्मनची परीक्षाही लागत नाही, हे ऐकून आपण खूश होतो. पण डेंटिस्टला इथे अप्रोबात्सिओन लागतं, म्हणजे प्रॅक्टिसचा सरकारी परवाना. त्यासाठी आधी बी-टूपर्यंत, म्हणजे भाषेच्या सहापैकी चौथ्या पायरीपर्यंत जर्मन, मग पेशंटशी बोलायच्या भाषेची वेगळी परीक्षा, ती सी-वन लेव्हलची, आणि बीडीएस इथल्या डिग्रीच्या तोडीचं नाही ठरलं तर विषयाचीही परीक्षा. दोन-तीन वर्षं सहज जातात रे. हे तिला माहितीये का, की तिकडे गेल्यावर बघू म्हणालायस?

मी म्हणालो होतो. माझी बायको ठाण्याला बँकेत होती, नोकरी सोडून आली. मी सहा महिने प्रोबेशनवर, त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढू शकतात, मॅनेजर खूश नव्हता, आणि हे मी घरी अक्षरानेही बोललो नाही. त्यातच हीटिंग-पाण्याचा वर्षाचा हिशोब आला, सहाशे युरो जादा भरा, ते पत्र मी मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये कोंबलं. डिसेंबरात इथे साडेचारला अंधार पडतो. एकदा घरी आलो तर ही दिवा न लावता बसलेली, टेबलावर ते पत्र, फोनने फोटो काढून ओळ न ओळ ट्रान्सलेट करून वाचलेलं. मी म्हटलं तुला टेन्शन नको म्हणून नाही सांगितलं. ती म्हणाली, मग मीही रोज दुपारी रडते ते तुला सांगत नाही, तुला टेन्शन नको म्हणून.

त्या रात्री दोघांनी सगळं ओकलं. भांडणच होतं ते, गोड वगैरे काही नव्हतं, आणि वरण-भात तसाच गार झाला. पण त्यानंतर लेटरबॉक्सची किल्ली तिच्याकडे गेली आणि पत्र कुठलंही असो, दोघांसमोर उघडायचं असं ठरलं. तिचा जर्मनचा क्लास संध्याकाळचा, म्हणून मंगळवार-गुरुवार स्वयंपाक माझ्याकडे. आईला फोनवर 'सगळं मस्त' सांगणं मात्र अजून चालू आहे, ते काही सुटत नाही.

अजून एक, टॅक्स क्लास, म्हणजे पगारातून दर महिन्याला किती टॅक्स कापायचा ते ठरवणारा नंबर. नवरा तीन, बायको पाच असं बरेच जण घेतात कारण दर महिन्याला घरात थोडे जास्त येतात, पण तिच्या स्लिपवर कापाकापी एवढी दिसते की पहिला पगार बघून माझी बायको म्हणाली, माझ्या कामाची किंमत एवढीच का? हिशोब बरोबर होता, पण तो मी एकट्याने केलेला. चार-चार पण घेता येतं, तिला विचारून ठरव.

क्लिनिक विकायची घाई करू नका. तू पुढे ये, प्रोबेशन काढ, तोवर ती पुण्यातच बी-वनपर्यंत करू दे, असंही होऊ शकतं, किंवा तिला एकटं राहायचं नसेल आणि ती म्हणेल एकत्रच जाऊ. मला काय माहीत, तुलाही माहीत नाही, कारण तू विचारलेलंच नाहीयेस.

हा मेसेज तिला वाचायला दे आणि तिचे प्रश्न तिलाच लिहू दे. माझी बायको उत्तर देईल, काय करू नये याची तिची लिस्ट माझ्यापेक्षा मोठी आहे, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी मी केलेल्या आहेत.