गप्पीने चाळीस पिल्लं दिली आहेत. ती वाचवायची कशी आणि मोठी झाल्यावर कुणाला द्यायची?

वाचवणं फार अवघड नाही हो. खरी भानगड पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते आणि ती मी निस्तरलेली आहे, म्हणून लिहितोय.

पिल्लं तीस-चाळीस लिटरच्या वेगळ्या टाकीत काढा. तळाला वाळू नको, खाली पडलेलं अन्न दिसलं पाहिजे. फिल्टर स्पंजचाच हवा, पॉवर फिल्टर पिल्लं आत ओढतो. जावा मॉस या पाण्यात वाढणाऱ्या शेवाळासारख्या वनस्पतीचा एक पुंजका टाका. पुढच्या बाळंतपणाला काचेवर अडकवायची ती प्लास्टिकची पेटी वापरू नका. मादी त्यात कोंडली की बिथरते, पिल्लं अडवून धरते, कधी अपुरी टाकते. टाकीतच झुडपं गच्च असली की पुरेशी पिल्लं आपली आपण वाचतात.

खाणं दिवसातून तीन-चार वेळा, चिमटीत चुरडून. उकडलेल्या अंड्याचा बलक सगळे सुचवतात, पण त्याने पाणी संध्याकाळपर्यंत दुधाळ होतं. त्यापेक्षा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, उबवा: एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ, पाव चमचा अंडी, खालपर्यंत हवेची नळी, २७-२८ अंश तापमान. चोवीस ते छत्तीस तासांनी हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, नारिंगी जीव तळाशी बसतात. ते नळीने ओढून तलम कापडावर गाळा आणि साध्या पाण्याने धुऊन घाला. टरफलं आत गेली तर पिल्लांचं पोट अडतं. दिवसाआड पाव टाकी पाणी बदला, क्लोरीन घालवलेलं.

आता मुद्द्याचं. मामेभावाला मी सहा माद्या दिल्या होत्या. त्याची अट एकच, "मला पिल्लं नकोत, नुसते मासे दे." नर एकही दिला नाही. महिन्याच्या आत त्याच्या टाकीत पस्तीसेक पिल्लं. त्याचं म्हणणं, मी त्यात नर घुसवला. पण माद्या माझ्याकडे तीन महिने नरांसोबत होत्या आणि गप्पीची मादी नराचं बीज पोटात साठवून ठेवते. एकदा जोडी लागली की नर नसतानाही काही महिने, दर चार आठवड्यांच्या आसपास, पिल्लं येत राहतात. हे त्याला पटलं नाही, आजही पटत नाही. त्याने सगळा लॉट सोसायटीमागच्या ओढ्यात ओतला, वर "डास खातील" हे ऐकवलं. गप्पी अळ्या खातात, खरं आहे, आणि पालिकेची माणसं टाक्या-हौदांत ते सोडतातही. पण ओढा म्हणजे बंद हौद नव्हे. गप्पी मुळात दक्षिण अमेरिकेकडचा, आपल्या ओढ्यातल्या माशांची पिल्लं आणि अंडीही खातो. डोक्यावर पांढरा ठिपका असलेला आपला पॅनचॅक्स मासा अळ्या खातोच, त्याला मदतनीस नको आहे.

म्हणून कुणाला द्यायची याआधी, काय द्यायचं ते ठरवा. तिसऱ्या आठवड्यापासून रोज एकेक पिल्लू पारदर्शक पेल्यात घेऊन मागून टॉर्च मारा. पोटाच्या मागच्या टोकाला काळसर डाग दिसला तर मादी. खालचा मागचा पर पंख्यासारखा न राहता काडीसारखा निमुळता व्हायला लागला की नर, त्याला त्याच दिवशी वेगळा करा. "अजून लहान आहे" म्हणून आठवडाभर थांबलात की संपलं, बहिणी गाभण.

ज्यांना पिल्लं नकोत त्यांना फक्त नर द्या. रंगही त्यांचेच. आठ-दहा आठवड्यांचे, इंचभर झालेले. दुकानदार मिक्स गप्पीचे पैसे सहसा देत नाही, खाद्याचा डबा मिळाला तर घ्या. आदल्या दिवशी उपाशी ठेवा, पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा.

हे सगळं गप्पीचं. स्वोर्डटेल या गप्पीच्या भाऊबंद माशात काही नर फार उशिरा उमगतात, चार महिन्यांची "मादी" शेपटीला तलवार काढते. मामेभावाला स्वोर्डटेल दिले असते तर काय म्हणाला असता कोण जाणे.